आधी शून्यावर, मग करंट

आता कसं सांगू तुम्हाला… सांगतो, चहा निवला तरी चालेल, पण मध्ये हसू नका. त्या दिवशी चार वाजेपर्यंत आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं. सुतक पडल्यासारखं घर होतं, आणि ते सुतक मी आणलं होतं.

आमची सून नीला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. विक्रोळीच्या एका कारखान्यात कायमची नोकरी होती, ती सोडून तिनं घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं. कॉम्प्युटर तेव्हा पुष्कळांनी नुसता ऐकलेला. ही सुटे भाग आणायची, टेबलावर मांडायची आणि घड्याळजीसारखी मान खाली घालून बसायची.

माझा मुलगा मोहन काही खूश नव्हता. शेवटी नवराबायकोत ठरलं. पहिला कॉम्प्युटर गिऱ्हाइकानं घेतला तर ठीक, नाहीतर नीलानं हे सगळं आवरायचं आणि पुन्हा नोकरी बघायची. गिऱ्हाईक मिळालंही. पार्ल्याच्या एका वधूवर मंडळाचे चिटणीस, दामले. त्यांना स्थळं कॉम्प्युटरात घालायची होती. रविवारी चार वाजता येऊन कॉम्प्युटर चालताना बघणार, मगच घेणार.

मला त्या पोरीची काळजी वाटायची. आमची गिरणी बंद पडली, तेव्हा हातातलं काम गेलं की माणूस घरात कसा वावरतो, ते मी भोगलं आहे. म्हणून रविवारी सकाळी म्हटलं, "नीला, मलाही काही काम दे."

"आबा, तुम्ही स्विचबोर्ड सांभाळा," ती म्हणाली. "मी आत हात घालून बसणार. मी सांगितल्याशिवाय करंट द्यायचा नाही, आणि बंद म्हटलं की बंद."

बघा, किती शहाणी मुलगी. फक्त माणूस चुकीचा निवडला.

गिरणीत आमच्या खात्यातल्या मोठ्या मोटरला एक हँडल असायचं. मुकादमानं पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलं होतं, आधी शून्यावर, मग करंट. नाहीतर मोटर जळते, आणि जवळ उभा असेल तो माणूसही. शाळेत मी गेलो नाही, पण हा एक धडा जन्मभर पाठ. घरातला रेडिओसुद्धा मी आवाज पार खाली आणल्याशिवाय चालू करत नाही.

मॉनिटर म्हणजे ती टीव्हीसारखी पेटी. तिच्या काचेखाली फिरवायच्या दोन बारक्या चकत्या होत्या. फडक्यानं पुसता पुसता मी दोन्ही शून्यावर आणल्या. टीव्ही आम्ही शेजारी जाऊन बघायचो, त्याची बटणं शेजारी फिरवायचे. मला काय ठाऊक?

"आबा, द्या करंट."

दिला. आतला पंखा घरघरला, टूं असा एक आवाज आला. काच काळी ती काळीच.

"एकदाच वाजला," नीला म्हणाली. "म्हणजे आत सगळं ठीक आहे. मग दिसत का नाही? बंद करा, आबा."

मी बंद केला. ती पुढे आली, दोन्ही चकत्या पुऱ्या उजवीकडे फिरवल्या आणि पुन्हा टेबलामागे गेली. म्हणाली, "ब्राइटनेस पूर्ण ठेवलाय. तो प्रश्न नाही."

मी बघत होतो. म्हटलं, घाईत आहे, विसरली. मोठ्यानं सांगून तिला कशाला ओशाळवायचं? करंट देण्याआधी गुपचूप दोन्ही परत शून्यावर आणल्या.

टूं. काळी काच.

मग तिनं आतलं एक कार्ड उपसलं, त्याची कड खोडरबरानं घासली, पुन्हा बसवलं. टूं. काळी काच. चिप्स एकेक अंगठ्यानं दाबल्या. टूं. काळी काच. आणि दर वेळी मी माझं काम चोख केलं.

दुपारी मोहन दारात उभा राहून बघत होता. "तो टूं करतोय ना? दामल्यांना सांग, मुलगी मुकी नाही, फक्त तोंड दाखवत नाही."

"मस्करी नको यार, मोहन."

"मस्करी कसली? उद्या नोकरीचा अर्ज टाक म्हणतोय."

ती जेवणाचं ताट झाकलेलं तसंच ठेवून रिक्षानं विक्रोळीला गेली आणि मैत्रिणीचा मॉनिटर मांडीवर घेऊन आली. "हा आत्ताच तिच्याकडे चालवून बघितला," म्हणाली. मी तो टेबलावर ठेवला, पुसला. त्यालाही तशाच चकत्या होत्या. पुढचं तुम्हीच समजा.

टूं. काळी काच.

नीला भिंतीला टेकून खाली बसली. "दोन-दोन मॉनिटर नाही बिघडणार, आबा. मदरबोर्डच गेला. संपलं."

मला राहवेना. मी मालवणकडचा माणूस. मॉनिटरसमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरीच्या कामात जो कोण आडवो इलो आसात, तेका उचलून बाजूक कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," दारातून मोहन म्हणाला. त्यानंही हात जोडले होते.

चार वाजता दामले आले. नीलानं लपवाछपवी केली नाही. "माफ करा, दिसत नाहीये. सकाळपासून बघतेय."

"इतक्या लांब आलोय, दाखवा तर," ते म्हणाले.

मी चकत्या तपासल्या आणि करंट दिला. टूं. दामल्यांनी चष्मा चढवला, काचेला नाक लावलं. "आमच्या टीव्हीचं असं झालं की आमची ही इथं काहीतरी फिरवते," म्हणत त्यांनी दोन्ही चकत्या फिरवल्या.

धावत जाऊन मी त्यांचं मनगट धरलं. "अहो साहेब, चालू मशीनला हात लावताय? सकाळपासून दर वेळी मी ते शून्यावर आणून ठेवतोय, आणि तुम्ही खुशाल…"

काचेवर हिरवी अक्षरं उभी होती. त्यांचा उजेड नीलाच्या चेहऱ्यावर पडला होता. ती अक्षरांकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"दर वेळी, आबा?"

"दर वेळी," मी म्हटलं. खरं सांगतो, तोवर थोडा अभिमानच होता.

"दुसऱ्या मॉनिटरचंपण?"

"त्याचं तर आणल्या आणल्या."

मोहननं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. दामल्यांनी मनगट सोडवून घेतलं, अक्षरं नीट वाचली आणि म्हणाले, "बाई, कॉम्प्युटर घेतो. पोचवायला मात्र ह्यांना पाठवू नका."

त्यानंतर नीलानं पुष्कळ कॉम्प्युटर जोडले. नवीन कॉम्प्युटरला पहिला करंट द्यायच्या आधी ती माझ्या हातात चहाचा कप देते, मला गॅलरीतल्या खुर्चीवर बसवते आणि आतून कडी लावते. मी तिथं बसून टूं ऐकतो.

गाऱ्हाणं देवानं शब्द न शब्द ऐकलं म्हणायचं. जो आडवा आला होता, त्याला उचलून बाजूला केलं.