मामांचा डावा कान

काशीची हद्द न ओलांडता माझ्या मामांइतका लांब गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, निवृत्त होताना दक्षिण अमेरिकेचा जुना नकाशा मागून घेतला आणि त्याच आठवड्यात क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. नातवाच्या मुंजीला पुण्याला गेले नाहीत, समोरच्या काठावर रामनगरलाही नाही. मात्र रोज जेवण झालं की नकाशासमोर खुर्ची टाकून, डोळे मिटून ते अँडीज उतरून जंगलात शिरत. काल जिथे थांबले तिथूनच आज निघत. भर जूनमध्ये शाल पांघरलेली दिसली, की अजून डोंगरातच आहेत हे ओळखायचं. मध्येच कोणी उठवलं तर चिडत, "आता रात्रभर त्या उतारावर बसू का मी?" दूधवाला आला तर मामी दारातूनच सांगे, "अभी नहीं हैं भैया, पहाड़ पर गए हैं."

नव्वदच्या सुमारास बँकेने माझी बदली बनारसला केली, तोवर मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो. एका मे महिन्यात दुपारी गेलो. सकाळपासून वीज नव्हती, नळ कोरडे होते. मामा खुर्चीत स्वस्थ बसलेले, आणि त्यांची पावलं घोट्यापर्यंत ओली, तांबड्या चिखलाने माखलेली. खोलीत कुजलेल्या पानांचा वास होता. नकाशामागून कसलासा पक्षी एकदाच ओरडला. मामी फडकं घेऊन आली. "रोजचंच आहे रे," ती म्हणाली. "पाय पुसून आत या म्हटलं, तर ऐकतील तेव्हा ना."

मामांना भीती एकच होती. "देह काशीत पडला आणि मी तिकडे असलो, तर मोक्ष कोणाला मिळायचा? खुर्चीला? वेळ आली की तू हाक मार. डाव्या कानात मार हो. काशीत मरणाऱ्याच्या उजव्यात विश्वनाथ तारक मंत्र सांगतो, तो मोकळा ठेव." मी शब्द दिला.

ती वेळही दुपारचीच आली. मामीने तोंडात गंगाजळ घातलं, तुळशीचं पान ठेवलं. मी डाव्या कानाशी वाकून हाक मारली, "मामा, परत या." ओठ हलले. आवाज मात्र फार लांबून, दाट झाडीतून यावा तसा आला: "आलोच. एवढं वळण बघून येतो."

पुन्हा हाक मारायला हवी होती. पण आमच्या घरात इतका सुखावलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी कानापासून मागे सरलो.

मामीने सवयीने त्यांचे पाय पुसले. फडकं तांबडं झालं. ते घडी घालून बाजूला ठेवत ती म्हणाली, "उजवा कान मोकळा होता ना रे?" मी हो म्हणालो. तेवढं खरं होतं.

आता मामीही नाही. मी अजून त्या खोलीत जाऊन बसतो. नकाशामागून कधी ओलसर वारा येतो, आणि हाक मारावी की त्यांना ते वळण सावकाश बघू द्यावं, हे मला ठरवता येत नाही.