बोरीला टेकलेली सावली

"भोंगा कुणीबी वाजवंल, आधी सावली बघा." सोजराबाईचं हे बोलणं वाडीतल्या शेळ्यांनासुद्धा पाठ झालं असेल. पाहुणा उशिरा आला, भाकरी करपली, तरी ती हेच म्हणायची. नव्या सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. ती हसू द्यायची.

नसरापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर तिची वाडी. खाली ओढ्याकाठी भाताची गिरणी होती, तुसावर पेटणारी, वाफेवर चालणारी. सोजराचा बाप हैबती तिथं बॉयलरला तूस घालायचा. दुपारी भोंगा झाला की वाडीतल्या बाया पाट्या डोक्यावर घेऊन उतरायच्या. भोंगा म्हणजे भाकरी. त्याचा दुसरा अर्थ कुणी कुणाला सांगितलाच नव्हता.

शेळ्या राखणाऱ्या लहानग्या सोजराचं घड्याळ वेगळं होतं. काळ्या खडकाची सावली बोरीच्या बुंध्याला टेकली, की दुपार.

पौषातल्या एका दिवशी भोंगा झाला आणि थांबेचना. सावली अजून बोरीपासून लांब होती. आई, भामाबाई, पाटी घेऊन उताराला लागली होती.

"आये, थांब! दुपार न्हाई झाली अजून!"

"तुजा बाप उपाशी बसंल तिकडं."

"सावली बघ की!"

"सावली खाऊन पोट भरतं व्हय गं?"

इतका लांब भोंगा सोजरानं कधी ऐकला नव्हता. आई थांबेना. तेव्हा तिनं काठी आपटली आणि सगळ्या शेळ्या रखमाजीच्या उभ्या हरभऱ्यात घातल्या.

"मेले! रखमाजी वाडीत ऱ्हाऊ दील का आपल्याला?" बांधावर पाटी टाकून भामाबाई शिव्या देत मागं धावली. शेवटची शेळी हुसकत होती, तेवढ्यात पायाखालची जमीन हादरली. गिरणीचे पत्रे पाचोळ्यासारखे वर गेले. ओढाभर पांढरी वाफ पसरली. भोंगा थांबला होता.

पुढं गेलेली चुलती ठकुबाई परत आली नाही. हैबतीही नाही.

तूस वाहणारा गेनबा वाचला. दहाव्याला तो म्हणाला, "बॉयलरातलं पानी आटलं व्हतं. हैबती मला म्हनला, तू पळ. सोता भोंग्याची साखळी धरून उभा ऱ्हायला. लोकांनी लांब पळावं म्हनून."

तो लांब जा म्हणत होता, आणि वाडी त्याच्यासाठी भाकरी घेऊन निघाली होती. रखमाजीनं हरभऱ्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

सोजरा वाडीतच दिली. पुढं लढाईच्या काळात आनंदरावांनी त्याच जागी नवी गिरणी उभी केली, आणि सोजराबाईचा पोरगा नाथा बॉयलरवर लागतो म्हणाला.

"आये, तू नको म्हन. मंग न्हाई जात."

ती भाकरी थापत राहिली. तव्यावरची उलटून झाल्यावर म्हणाली, "जेवनाला भोंगा न्हाई वाजवायचा. भोंगा झाला की माघारी पळायचं, येवढंच लोकांना ठावं पायजे. मालक आयकंल? तर जा."

आनंदराव हसले, पण नाही म्हणाले नाहीत. नाथानं रुळाचा तुकडा लिंबाला टांगला आणि वाड्यावस्त्यांवर फिरून सांगितलं, ठोका पडला तर भाकरी, भोंगा झाला तर माघारी.

पहिल्या दिवशी खालून ठण ठण ऐकू आलं. सोजराबाईनं दारातून खडकाकडं पाहिलं. सावली बोरीला टेकली होती. तिनं पाटी डोक्यावर घेतली. बाप गेल्यापासून ती या वाटेनं उतरली नव्हती. बाजारालासुद्धा डोंगराला वळसा घालून जायची.

खडकापाशी म्हातारी भामाबाई शेळ्या घेऊन बसली होती. सोजराबाई तिच्यापुढं घुटमळली.

"जाऊ का गं, आये?"

"जा. यंदा रखमाजीच्या पोरानं हरभरा न्हाई पेरला."

सोजराबाईला हसू आलं. एका हातानं पाटी सावरत ती उताराला लागली. ओढ्याच्या झाडीत ती दिसेनाशी झाली, तरी भामाबाईची नजर वाटेवरून हलली नाही. शेळ्या केव्हाच पांगल्या होत्या.