शून्य झालं, आता एक ते नऊ

ज्या विभागात विद्यार्थी थोडे, तिथे किस्से जास्त साठतात. कॉमर्सवाल्यांकडे बघा, त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं. वर्ग गच्च भरलेले, हजेरी घेता घेताच निम्मा तास संपतो. आमच्या तत्त्वज्ञान विभागाची हजेरी एका श्वासात व्हायची. उरलेला वेळ बोलण्यात जायचा, आणि बोलण्यातून काही ना काही घडायचं.

रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी बौद्ध तत्त्वज्ञान आणि तौलनिक तत्त्वज्ञान शिकवते. आता पुष्कळ वर्षं झाली. सुरुवातीपासून विभागात आम्ही दोघंच, मी आणि विभागप्रमुख मुकादम सर. सर इस्लामी आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवायचे. मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "तुमच्या डिपार्टमेंटचं सांग ना काहीतरी." तेच जरा सलग सांगते.

* * *

पहिला किस्सा नोकरीच्या आधीचा आहे.

माझं गाव राजापूर तालुक्यात, खाडीपासून बरंच आत. आमच्या बौद्धवाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. पीएचडी केली ती 'शून्यता' या कल्पनेवर. शून्यता म्हणजे काहीच नाही, असं नव्हे. कुठलीही गोष्ट एकटीच्या बळावर उभी नसते, ती दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने असते, एवढा त्याचा साधा अर्थ. पण हा साधा अर्थ सांगायला मला चारशे पानं लागली होती.

वाडीने विहारात सत्कार ठेवला. माझे चुलते वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. ते खास रजा काढून आले. कार्यक्रम सुरू झाल्यावर त्यांनी कानाशी येऊन विचारलं, "विषय काय गो तुझा?" मी म्हटलं, "शून्यता." पुढे समजावून सांगणार, तेवढ्यात त्यांच्या हातात माईक आला.

काका म्हणाले, "आपल्या वाडीच्या लेकीने शून्यावर डॉक्टरेट केलेली आहे. शून्य झालं. आता एक ते नऊ राह्यलेत. ते बाकीच्या पोरांनी मनावर घ्यावं."

टाळ्या पडल्या. मी चेहरा सरळ ठेवून बसले.

गंमत अशी, की पोरांनी खरंच मनावर घेतलं. माझ्या मागून वाडीतल्या एकाने केमिस्ट्रीत पीएचडी केली, मग एकीने मराठीत. काका दर वेळी रजा काढून येतात. सध्या ते दोनवर आहेत.

* * *

नोकरीच्या मुलाखतीला बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. त्यांनी मला सोडलंच नाही. पाली किती येतं, संस्कृत किती येतं, चिनी भाषांतरं पाहिलीत का, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, हे सगळं ठीक, पण रत्नागिरीत हा विषय शिकणार कोण? मी सांगितलं, की मी राजापूरच्या आत राहून शिकले, म्हणजे आणखी कुणीतरी असेलच.

मुकादम सर तोवर गप्प होते. शेवटी प्राचार्यांनी त्यांना विचारलं, तुमचा काही प्रश्न? सरांनी चष्मा काढला, पुसला आणि मला विचारलं, "डब्यात काय आणता?"

मला वाटलं, यातही काही खोच असणार. मी जपून म्हटलं, "भात-आमटी. मिळाला तर बांगडा."

"झालं," सर म्हणाले. "माझं समाधान झालं."

पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना या प्रश्नाचा अर्थ विचारला. त्यांनी सांगितलं, की माझ्या आधी या जागेवर एक फार विद्वान गृहस्थ होते. ते दाराकडे पाठ करून एकटे जेवायचे. सर म्हणाले, "एकटं जेवणाऱ्या माणसाला तौलनिक तत्त्वज्ञान जमत नाही."

* * *

सर हे नुसतं बोलून थांबले नाहीत. तौलनिक तत्त्वज्ञानाचा पहिला तास आम्ही दोघं मिळून घेत असू, आणि त्या तासाला टेबलावर दोन डबे असायचे. एकात सरांच्या घरचं बांगड्याचं सालन, दुसऱ्यात माझ्या घरचं बांगड्याचं कालवण. मासा तोच, नारळ तोच, समुद्रही तोच. मुलांनी चाखून सांगायचं, सारखं काय आणि वेगळं काय. मग आम्ही म्हणायचो, आता हेच दोन परंपरांतल्या 'मी' या कल्पनेचं करायचं आहे.

एका वर्षी एक मुलगा चाखून झाल्यावर म्हणाला, सर, ते सगळं ठीक, पण चांगलं कुठलं?

सर म्हणाले, "हा प्रश्न आला की तुलना संपते आणि निवडणूक सुरू होते."

वर्ग हसला. त्या मुलाने दोन्ही डबे पुसून लख्ख केले. मत मात्र शेवटपर्यंत दिलं नाही.

* * *

प्राजक्ता नावाची एक मुलगी होती, केळशीची. घरची आंब्याची कलमं. हॉस्टेलवर राहायची. 'प्रत्येक वस्तू क्षणाक्षणाला बदलते' हा बौद्धांचा सिद्धान्त मी शिकवत होते, आणि वर्ग थंड पडला होता. प्राजक्ता शांतपणे म्हणाली, "मॅडम, आढीतला आंबा बघायला एक दिवस उशीर झाला, की आमच्या बाबांना हे सगळं कळतं."

तर हे बाबा एक दिवस दत्त म्हणून विभागात उभे राहिले. सकाळच्या एसटीने निघून आले होते. खुर्ची दिली तरी टेकेनात. मी पाणी दिलं, मुलीचं कौतुक केलं, ती वर्गात पहिली आहे म्हणून सांगितलं. त्यावर त्यांचा चेहरा आणखीच उतरला. मग बोलले. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाचं मन संसारातून उडतं. पोरगी एकुलती एक. हल्ली घरी आली की पुस्तक घेऊन बागेत जाऊन बसते, हाक मारली तरी ऐकत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, ही घर तर सोडून जाणार नाय ना?"

हसण्यासारखी गोष्ट नव्हतीच. तो माणूस खरोखर घाबरला होता.

मुकादम सर उठले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. म्हणाले, "अहो, जरा सुट्टी मिळाली की तुमची मुलगी हॉस्टेल सोडून घरी पळते. आधी ते कसं थांबवायचं, ते तुम्ही आम्हाला सांगा."

बाबा हसले, आणि मगच खुर्चीत नीट बसले. प्राजक्ता एमए झाली. आज दापोलीकडे ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि केळशीच्या घरातच राहते. लग्न झालं, तेव्हा तिने नवऱ्यालाच केळशीला आणलं. बाबांना एवढं काही अपेक्षित नव्हतं.

* * *

मग एक वर्ष असं आलं, की एमएचा वर्ग बंद पडायची वेळ आली. प्राचार्यांनी आम्हाला बोलावून स्पष्ट सांगितलं, की प्रवेशाची मुदत संपेपर्यंत किमान संख्या भरली नाही तर वर्ग जाईल. ते वाईट माणूस नव्हते. सांगताना त्यांनाच कसंतरी होत होतं.

आम्ही दोघं एसटीने फिरलो. लांजा, राजापूर, संगमेश्वर. कॉलेजात जायचं, मुलांपुढे बोलायचं. मुलं छान ऐकायची आणि शेवटी नोकरीचं विचारायची. सर त्यांना खोटं काही सांगायचे नाहीत. त्यामुळे संख्या वाढत नव्हती. परतीच्या एका एसटीत सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, की आपल्या दोघांच्या नंतर इथे कुणी हे शिकवणार नाही असं दिसतंय. सर असं कधी बोलत नसत. मला रडू आलं, आणि एसटीत रडणं बरं दिसत नाही म्हणून मी तिकीट शोधत राहिले.

मदत आली ती थिबा पॉइंटवरून. तिथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्या बायकांचा एक गट आहे. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्यातल्या जोशी काकू माझ्या ओळखीच्या. त्यांच्या कानावर हे गेलं. त्या म्हणाल्या, पदवी आमच्याकडे आहे, वेळ तर भरपूर आहे, आणि गुडघे दुखतात म्हणून फिरणं तसंही कमीच करायचं आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अख्खा गट प्रवेश घ्यायला आला. वर्ग वाचला.

पण या बायकांना शिकवणं सोपं नव्हतं. तरुण मुलं प्रश्न परीक्षेसाठी विचारतात, या घरासाठी विचारायच्या. मी अनात्मवाद शिकवत होते, म्हणजे देहाच्या पलीकडे टिकून राहणारा आत्मा असा काही नसतो, हे बौद्धांचं म्हणणं. जोशी काकूंनी सगळं लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग पुढच्या आठवड्यात आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध आहे, त्याचं काय करू?"

काकूंचे यजमान जाऊन वर्षही पुरं झालं नव्हतं. मी हा विषय चार देशांतल्या परिषदांत मांडला होता, पण असं मला कुठेच कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, काकू, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. आपण दोघी मिळून विचार करू.

पुढच्या आठवड्यात काकू डबा घेऊन वर्गात आल्या. सगळ्यांच्या हातावर एकेक वडा ठेवला आणि मला म्हणाल्या, "आत्मा असो नसो. ह्यांना वडे आवडायचे, एवढं नक्की आहे."

त्यांच्या बाकावरच्या मुलीने त्यांचा हात धरला. मी त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

* * *

आमच्या एका परिसंवादाला जपानहून एक प्राध्यापक आले होते. ध्यानपरंपरेचे मोठे अभ्यासक. परिसंवाद झाल्यावर त्यांना समुद्र दाखवायला आम्ही आरे-वारेला घेऊन गेलो. दोन गाड्या, विद्यार्थी, जोशी काकूंचा गट, सगळे बरोबर.

वरच्या वळणावर गाड्या थांबल्या. खाली दोन्ही किनारे पसरलेले. पाहुणे उतरले, कठड्याजवळच्या एका दगडावर बसले, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. कुणालाही काही बोलले नाहीत.

आधी प्राजक्ताच्या मागच्या बॅचची एक मुलगी त्यांच्या मागे जाऊन तशीच बसली. मग आणखी दोघं. मग काकू मंडळी गुडघे सांभाळत बसली. मी बसले. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने गाणी बंद केली आणि तोही बसला. वारा, खाली लाटांचा आवाज, बाकी काही नाही. खरं सांगते, इतकं शांत मला फार दिवसांत वाटलं नव्हतं. एका मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बऱ्याच वेळाने पाहुण्यांनी डोळे उघडले. मागे वळून एवढी माणसं बसलेली बघून ते दचकले. मुकादम सरांनी अदबीने विचारलं, की या जागी आपल्याला काय जाणवलं, ते मुलांना सांगाल का?

पाहुण्यांनी हळू आवाजात इंग्रजीतून काहीतरी सांगितलं. मुलं सरांच्या तोंडाकडे बघू लागली. सरांनी क्षणभर विचार केला आणि भाषांतर केलं.

"त्यांना गाडी लागली होती."

* * *

मुकादम सर निवृत्त झाले ते उन्हाळ्यात. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. कपाटातली पुस्तकं विभागाला दिली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, की पावसाळ्यापूर्वी खिडकीला रंग लावून घ्या. एवढंच. जाताना मागे वळून बघितलं नाही.

जुलैत वर्ग सुरू झाले. विभागप्रमुख म्हणून माझा पहिला दिवस. त्या वर्षी प्रवेश बरे झाले होते. वाडीवस्तीवरची मुलं होती, दोन नर्सबाई होत्या, नाचणे गावचा एक ट्रॉलरमालक होता. ऑफिसने यादी पाठवली ती मी वाचलीही नव्हती. एमएच्या वर्गात जाऊन बौद्ध तत्त्वज्ञानाच्या तासाची हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव घेत खाली आले आणि एका नावापाशी थबकले. मग मोठ्याने वाचलं, "मुकादम."

"हजर, मॅडम."

शेवटच्या बाकावर सर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात कोरी वही. वर्गातली मुलं त्यांना ओळखत नव्हती. एक आजोबा उभे आहेत, एवढंच त्यांना दिसत होतं.

मी म्हटलं, "सर, तुम्ही?"

सर म्हणाले, "इतकी वर्षं शेजारच्या वर्गातून तुमचा तास ऐकत होतो. भिंतीतून अर्धंच यायचं."