उसनी नणंद

मुलगी झाली तेव्हा आम्ही चंदीगडजवळ झिरकपूरला सहाव्या मजल्यावर राहत होतो. सासूबाई हयात नव्हत्या, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. साताऱ्याहून बाळंतपणाला कोणी येणार नव्हतं. मोहालीच्या ऑफिसातून रजा काढून नवराच मऊभात शिजवायचा, दुपटी धुवायचा.

चौथा दिवस उजाडला तरी मला पुरेसं दूध येईना. बाळ जरा ओढून बघायचं आणि रडत सुटायचं. डॉक्टरबाईंनी वरून पावडरचं दूध द्यायला सांगितलं होतं. घरून फोन आला की पहिला प्रश्न, "आलं का दूध?" मी फोन उचलणंच सोडलं.

त्या सकाळी शेजारच्या पंजाबी आजी बाळंतिणीला देतात त्या तुपातल्या पंजिरीचा डबा घेऊन आल्या. त्यांना सगळे बीजी म्हणत. माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ननद ने धुलाई की थी?"

त्यांच्यात बाळाला पहिल्यांदा पाजण्याआधी नणंद बाळंतिणीची छाती धुते. मला नणंदच नाही, असं मी सांगितलं. बीजी उठल्या आणि शाळेत शिकवणाऱ्या आपल्या लेकीला घेऊन आल्या. म्हणाल्या, "आज से ये है।"

नवऱ्याला बाहेरच्या खोलीत पाठवलं. त्या ताईंनी कोमट पाण्यात दूर्वा बुडवून हलक्या हाताने मला धुतलं. बीजी मागे बसून काहीतरी गुणगुणत माझी पाठ चोळत राहिल्या. कोणी काही विचारत नव्हतं. चार दिवसांचं रडू एकदम बाहेर पडलं.

"रो ले पुत्तर," एवढंच बीजी म्हणाल्या.

मग त्यांनी बाळ माझ्या कुशीत दिलं. थोड्या वेळाने तिच्या घशातून घुटुक घुटुक आवाज येऊ लागला. दुसऱ्या बाजूला माझा गाऊन भिजला होता. मी आईला स्वतःहून फोन लावला आणि म्हटलं, "आई, पान्हा फुटला."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंना मी हे जरा संकोचतच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. ताण असला की अंगातलं दूधही अडतं, म्हणाल्या; ऊब मिळाली, मन सैल झालं की सुटतं. शिवाय चौथ्या-पाचव्या दिवशी अनेकींना आपोआपही येतं. नेमकं कशाने आलं हे त्यांना सांगता येईना. बाळाचं वजन मात्र दर आठवड्याला करून घ्या, असं त्यांनी बजावलं. ते वाढत गेलं, पावडर बंद झाली.

त्या श्रावणात ताई राखी घेऊन आल्या. बहीण नसलेला माझा नवरा आंघोळ करून, नवा कुर्ता घालून, तासभर आधीच पाटावर बसला होता.