पिशवी निजवणाऱ्या कुसुमबाई

कुसुमबाई इंजेक्शनची कुपी आधी काखेत धरायच्या. आतलं औषध तेलकट. थंड टोचलं की गाठ होते, म्हणून. पाच मिनिटं त्या तशाच खुर्चीत बसून माझ्या पोटाकडे बघत राहत. मला त्या बघण्याची भीती वाटायची.

दोनदा माझा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला होता. हाही गेला असता, तर पुन्हा हिंमत करण्याचं बळ माझ्यात नव्हतं. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं लिहून दिली आणि वऱ्हाडात, राजापेठेतल्या माझ्या सासरी दर गुरुवारी दुपारी या निवृत्त नर्सबाई येऊ लागल्या.

मी पुण्याची. त्यांचं बोलणं सुरुवातीला अंगावरच यायचं. "काहून घाबरून राहिली? पिशवीले आकसून घ्याची खोड हाये. हे हार्मोन तिले निजवते. पिशवी निजली तं लेकरू राह्यते." सुई काढली की पोटावर हात ठेवून त्या गर्भाशयाशीच बोलत, "नीज बाई, नीज." मग कोपऱ्याकडे बघून हळूच म्हणत, "तुमी दोघं गप राहा बरं." कोपऱ्यात कोणी नसायचं. कोण दोघं, हे मी कधी विचारलं नाही.

चौथ्या महिन्यात इंजेक्शनं थांबली. "आता लेकराच्या नाळेची वार सोताच बनवते औषध," बाई म्हणाल्या. तरी गुरुवारी यायच्याच. सासूबाईंच्या हातचा बिनसाखरेचा चहा प्यायच्या, पोटाला "नीज" म्हणायच्या. "टाइम झाला का उठवाले मीच येईन," असं त्यांनी कबूल केलं होतं. सातव्या महिन्यात त्या अकोल्याला लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मी आईसाठी रडावं तशी रडले.

तारीख उलटून सहा दिवस झाले, तरी एक कळ नाही. डॉक्टर म्हणाले, उद्या भरती व्हा, कळा आणू. वेडेपणाच होता, पण मला राहून राहून वाटे, निजवणारी गेली, आता या पिशवीला उठवणार कोण?

तो गुरुवार होता. दुपारी मी पलंगावर बसले होते. कंबरेवर, सुईच्या जुन्या जागी, कुपीएवढी ऊब जाणवली. आणि माझ्याच तोंडून घोगरा आवाज निघाला, "ऊठ बाई आता. टाइम झाला."

मी जन्मात कधी वऱ्हाडी बोलले नव्हते.

सासूबाई स्वयंपाकघरातून कप घेऊन बाहेर आल्या. "कुसुमबाई आल्या नं? आवाज आयकला मी. बिनसाखरेचाच केला..." त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तेवढ्यात पहिली कळ आली. कप त्या खुर्चीपुढे तसाच ठेवून आम्ही दवाखान्यात निघालो.