यीस्टला ऊन दाखवलं त्याची गोष्ट

भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास आला की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. भुकेचं नाही, उलटीच्या आधी सुटतं ते.

मी जयपूरजवळ सांगानेरला कापड छापतात तिथं कामाला आहे. छापत नाही, छापायला डोकं लागतं. छापलेलं कापड उन्हात पसरायचं, वाळलं की गोळा करायचं, एवढंच माझं काम. एका बँकेतल्या साहेबांचा ड्रायव्हर म्हणून साताऱ्याकडनं जयपूरला आलो. साहेबांची बदली झाली, ते गेले, मी राहिलो. शाळा मला बघूनच सुटायची. जगात मला कळतं ते फक्त ऊन.

बायको प्रताप नगरात लोकांकडं धुणीभांडी करायची. तिचे हात बघवत नव्हते. पण पाव असा करायची की काय सांगू! इथल्या दुकानातला पाव गोड, मिसळीत बुडवला की विरघळून चिखल. म्हणून बँकेतल्या, विम्यातल्या मराठी बायकांनी एकत्र जमायचा कार्यक्रम ठरवला तेव्हा मिसळपाव हिला सांगितला. हा जमला तर गणपतीतला रोजचा नाष्टा हिच्याकडं, असं बोलणं झालं होतं. मग हिनं धुणीभांडी सोडायची ठरवली. देवासमोर बोलली, मला नाही सांगितलं. मला सांगून काय उपयोग!

मे महिन्यात ती भावाच्या पोरीच्या लग्नाला गावी गेली. जाताना म्हणाली, "अहो, रव्यात किडे झालेत. रवा आणि डाळ गच्चीवर टाका, ऊन दाखवा. दुसऱ्या कशाला हात लावू नका."

डबा उघडला तर रवा चालत होता. बोट घातलं तर जाळं चिकटून आलं, त्यात एक अळी वळवळत होती. शी! अंगावर काटा आला. मग म्हटलं, घाण काढायचीच आहे तर सगळं घर बघू. फ्रीजरमध्ये तिची यीस्टची बरणी होती, घट्ट झाकणाची. आमची पोरगी एकदा म्हणाली होती, यीस्ट जिवंत असतं. जिवंत गोष्ट बर्फात? मला दया आली. ताटात पसरून त्यालाही रव्याशेजारी ठेवलं. जयपूरचं ऊन, गच्चीवर पाय भाजत होते. मी म्हटलं, चांगलं शेकेल.

संध्याकाळी बघतो तर ताटात कबुतराच्या पायांचे ठसे. मी ते चमच्यानं सारखे केले. बरणी भरून परत जागेवर.

ती आली. कार्यक्रमाच्या सकाळी हिचे हात कांदा-खोबऱ्याच्या वाटणात होते. म्हणाली, "यीस्ट जरा बघा. कोमट पाणी, चिमूटभर साखर. फेस आला तरच मैद्यात घाला."

"तेवढं कळतं मला."

ग्लास मीच घासला होता. पाणी घातलं, चमच्यानं खळखळ ढवळलं. पांढराशुभ्र फेस!

"आला का?"

"अगं, ग्लासात मावेना!"

पीठ मळलं, फडकं टाकून ठेवलं. बऱ्याच वेळानं फडकं उचललं तर गोळा जसाच्या तसा. भिंतीला लावायच्या पुट्टीसारखा, थंडगार, चिकट. हिनं चिमूट तोडून हुंगली.

"याला साबणाचा वास का येतोय?"

"मैदाच तसा असेल," असं म्हणून मी शहाणपणा दाखवायला एक मोठा लचका तोंडात घातला.

काय सांगू! तो गोळा टाळूला चिकटला, जीभ लिंबाच्या साबणात बुडाली, गिळेना आणि थुंकवेना. मोरीत वाकलो तर नाकातनं बुडबुडा आला. आणि वाकलेला असताना मला ते कबुतर आठवलं. चूळ भरली आणि यीस्टला ऊन दाखवल्याचं सांगून टाकलं.

पोरगी इथंच वाढलेली, दारात उभी राहून म्हणाली, "पप्पा, मतलब तुम्ही यीस्टला धूप दाखवली? मई में?"

"गारठलं होतं गं ते."

"फ्रीजरमध्ये ते झोपतं, पप्पा. तुम्ही त्याला भाजून मारलं."

कबुतराचा विषय मी काढला नाही. पोटात गेलंच होतं.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, स्वतःच्या फुटलेल्या बोटांकडं बघितलं आणि म्हणाली, "चला, मग भांडीच घासायची."

मला माझीच किळस आली. साबणाची तर आलीच होती.

पोरगी स्कूटीवरनं दुर्गापुऱ्याला गेली, बंद पाकीट घेऊन आली. बायकोनं काचेचा ग्लास स्वतः धुतला, हुंगला, परत धुतला. पाण्यात बोट बुडवून बघितलं, साखर घातली, यीस्ट घातलं आणि ढवळलं नाही. आम्ही तिघं त्या ग्लासाकडं बघत बसलो. आधी दाणे भिजून गढूळ झालं. मला वाटलं, गेलं हेपण. मग एक बुडबुडा आला. मग खालनं तपकिरी फेस हळूहळू फुगत वर चढला, आंबलेल्या पिठासारखा वास सुटला. साबणाचा फेस ढवळलं की येतो आणि लगेच बसतो. हा स्वतःच्या बळावर फुगत होता. बायकोनं नाक पुसलं आणि मैदा चाळायला घेतला.

पाव उशिरा पोचले. तोवर बायकांनी नुसतं फरसाण खाल्लं होतं. परात मी घेऊन गेलो. एक वहिनी पाव मोडून म्हणाल्या, "काय जाळी पडलीय! दादा, तुम्ही केले?"

"नाही वहिनी. मी केलेले आमच्या घराबाहेर कचऱ्यात आहेत."

खरंच होते. उन्हानं त्या गोळ्याला असा वास सुटला की गल्लीतलं कुत्रं जवळ आलं, शिंकलं आणि निघून गेलं.

गणपतीचा नाष्टा हिला मिळाला. लोकांची भांडी सुटली, घरातली माझ्याकडं आली. नव्या यीस्टची बरणी फ्रीजरमध्ये मागं आहे, मी तिच्याकडं बघतसुद्धा नाही. मी धुतलेला प्रत्येक ग्लास ही नाकाशी धरते, मग माझ्याकडं बघते. मी तो परत धुतो.