आजारी दिसेल असा फोटो

सरकारी विमा योजनेचा नियमच होता: ऑपरेशनची मंजुरी हवी तर पेशंटचा खाटेवरचा फोटो कॉम्प्युटरवरून पाठवायचा. तो काढायचा नर्सने. वॉर्डात सिस्टर दोन, त्यातली एक कायम कॉम्प्युटरपाशी. मी तेव्हा विश्रांतवाडीत आरोग्यहक्काची पत्रकं वाटायचे. या नियमावर तर एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं.

आमच्या शेजारच्या वहिनी यवतमाळकडच्या. खराडीच्या आयटी कंपनीत फरशी पुसायच्या. हृदयाची झडप खराब झालेली. केशरी रेशनकार्ड होतं, म्हणून योजनेत बसल्या. त्यांना दाखल करून मी डबा आणायला गेले, तर इकडे फोटो म्हटल्यावर वॉर्डातल्या बायका कामाला लागल्या. वेणी, गजरा, पावडर, कुणाच्या तरी सुनेची नवी साडी. सिस्टरनी धावपळीत फोटो काढला, पाठवला.

उत्तर आलं: पेशंट आजारी वाटत नाही. फोटो पुन्हा पाठवा.

गुरुवारी दुपारपर्यंत मंजुरी आली नाही, तर शुक्रवारची ऑपरेशनची वेळ दुसऱ्या पेशंटला जाणार होती. मी योजनेच्या टेबलावर जाऊन भांडले. डॉक्टरांचा रिपोर्ट खोटा आणि पावडर खरी का, असं विचारलं. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "फोटो पाठवा. भाषण अपलोड होत नाही."

सिस्टरनी वहिनींचं तोंड धुतलं, हिरवा गाऊन घातला. पण कॅमेरा समोर आला की वहिनी हसायच्या. "फोटोत तोंड पाडून बसाचं? मले नाही जमत."

"अहो ताई, लग्न नाही ठरवायचंय, ऑपरेशन ठरवायचंय," सिस्टर म्हणाल्या.

सगळा वॉर्ड हसला, वहिनी सगळ्यात जास्त. हसता हसता त्यांना धाप लागली. सिस्टरनी कॅमेरा खाटेवर टाकला, त्यांना उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. श्वास जागेवर आल्यावर वहिनींनीच मास्कमधून खूण केली: आता काढा.

मंजुरी आलेली सिस्टरनी कॉम्प्युटरवर पाहिली. वहिनींच्या खाटेला 'रात्रीपासून उपाशी ठेवणे' ही पाटी अडकवून त्या पुढच्या पेशंटची नाडी बघायला गेल्या. पाटी आधी समोरच्या आजींनी वाचली, मोठ्याने. मग एकेक खाट टाळ्या वाजवायला लागली. जेवण बंद झाल्याचा एवढा आनंद मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.